टाचेचं हाड वाढलंय म्हणे : जून ते पाडवा

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. दहा-वीस पावलं लंगडलं की ती सैल पडते आणि दुपारी डबा खाऊन उठलं की परत तीच. ज्यांचं हे रोजचं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझं काम नाशिकच्या मेनरोडवर कपड्यांच्या शोरूममध्ये, दिवसाचे साडेनऊ तास उभ्यानं. उजवी टाच जून 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात दुखायला लागली. 30 मार्च 2025 ला, पाडव्याच्या सकाळी, कळ न येता पाय टेकला. मधल्या साडेनऊ महिन्यांचा हा हिशेब.

जूनमध्ये एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या, पण तेव्हा त्या लक्षात आल्या नाहीत. पावसाळ्यासाठी कडक प्लास्टिकच्या चपला घेतल्या. शोरूममध्ये नव्या गणवेशाबरोबर काळ्या बेल्या, म्हणजे सपाट बंद बूट, आल्या, तळ पापडाएवढा पातळ. आणि दुकानातली जुनी लाकडी फळ्यांची जमीन काढून सगळीकडे व्हिट्रिफाइड फरशी बसली. घरी तर अनवाणीच. टाचेच्या हाडाच्या आतल्या, पुढच्या कडेपासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टा जातो. तो पायाची कमान तोलून धरतो. पट्ट्यावर भार अचानक वाढला आणि वर पोटरी आखडलेली असली की तो टाचेजवळच्या मुळाशी दुखावतो. रात्रभर पाय खाली झुकलेला राहतो, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. कळ सकाळीच जास्त का, याचं उत्तर हे.

पहिले सहा आठवडे घरगुती उपायांत गेले. वीट तापवून त्यावर रुईची पानं ठेवायची आणि टाच टेकवून शेकायचं, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. शेकताना बरं वाटायचं, सकाळी कळ तेवढीच. करायचंच असेल तर दोन गोष्टी पाळा. रुईचा चीक डोळ्याला लागता कामा नये, पानं हाताळल्यावर साबणानं हात धुवा. आणि मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर वीट, गरम पाणी, शेकाची पिशवी यातलं काहीही नको. भाजल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते. कांशाच्या वाटीनं तूप घासून घेतलं की झोप छान लागते, एवढंच. 640 रुपयांचं तेल आणि गोळ्या-गोळ्यांची 390 रुपयांची ॲक्युप्रेशर चप्पल हे दोन्ही पैसे पाण्यात गेले. त्या चपलेनं तर दुखऱ्या जागेवरच टोचायचं.

29 जुलैला, सोमवारी, ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, दवाखान्यात गेले. महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांचा ईएसआय कापला जातो, कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. माझ्या 16,800 वर महिन्याला 126 रुपये. इतकी वर्षं कापले गेलेले पैसे पहिल्यांदा वापरायला निघाले तर खिडकीवर पहिला प्रश्न, "आयपी नंबर?" हा आपला विमा क्रमांक, तो पगाराच्या स्लिपवर असतो, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी न्या. दवाखान्यातून गोळ्या आणि मोठ्या हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीची रेफर चिठ्ठी मिळाली. ती ओपीडी माझ्यासाठी 8 ऑगस्टच्या गुरुवारी. सकाळी सव्वाआठला रांगेत, केसपेपर नऊला, डॉक्टर साडेअकराला, एक्स-रे साडेबाराला आणि तो दाखवायला परत त्याच रांगेत. डबा, पाणी आणि घडीचं स्टूल नेलेलं बरं. टाचदुखीच्या रांगेत चार तास उभं राहणं हा विनोदच आहे.

एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखं टोक दिसलं. "हाड वाढलंय." घरी, दुकानात, नात्यात, सगळ्यांनी हेच वाक्य धरलं आणि बोलणं ऑपरेशनपर्यंत पोचलं. हे टोक अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही सापडतं. दुखणाऱ्या टाचेतलं दुखणं थांबतं तेव्हाही ते तिथंच असतं, माझंही आहे. एक्स-रेचा खरा उपयोग दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान हातानं होतं.

ते हातानं झालं 17 ऑगस्टला, खासगी डॉक्टरांकडे, 600 रुपये फी. त्यांनी एका हातानं माझी बोटं वर ओढली, पट्टा ताणला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेच्या आतल्या-पुढच्या कोपऱ्यावर दाबला. मी ओरडले. मग टाच दोन्ही बाजूंनी लिंबासारखी पिळली, तेव्हा दुखलं नाही. म्हणजे दुखणं त्या पट्ट्याचंच. पिळल्यावर दुखलं असतं तर हाडाला बारीक तडा आहे का ते बघावं लागलं असतं. टाचेच्या बरोबर मधोमध दुखत असेल तर तिथली चरबीची गादी बिघडलेली असू शकते. मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला हवं. आणि चालताना "खट" आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तात साखर, युरिक ॲसिड आणि ड जीवनसत्त्व तपासलं, 1,450 रुपये. ड कमी निघालं, त्याची पावडर घेतली, पण टाचेला त्यानं फरक पडला असं म्हणवत नाही.

इंजेक्शनचा विषय तिथंच निघाला. "ताई, सण जवळ आलेत, स्टेरॉइड दिलं तर महिनाभर सुखात जाईल. पण तुम्ही लगेच साडेनऊ तास उभ्या राहणार असाल तर मी देणार नाही." त्यांचा मुद्दा असा होता : इंजेक्शननं आराम लवकर पडतो, तो बहुधा काही आठवडेच टिकतो, आणि पट्टा फाटण्याचा किंवा टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. दुखत नाही म्हणून माणूस जास्त चालतो आणि तिथंच घात होतो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते. मी घेतलं नाही. पण ज्यांना रात्रीची झोपही लागत नाही त्यांनी घेतलं तर त्यात चुकीचं काही नाही, फक्त पुढचे दोन-तीन आठवडे पायाला खरंच विश्रांती द्यावी.

26 ऑगस्टपासून फिजिओथेरपी, खेपेला 350 रुपये, एकूण आठ खेपा. मशीनच्या शेकापेक्षा तिथं शिकवलेले व्यायाम जास्त उपयोगी पडले.

पहिला व्यायाम अंथरुणातच, पाय जमिनीला लावण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाची बोटं बुडाशी धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळव्याच्या मध्यभागी चाचपा. तिथं ताणलेल्या तारेसारखा पट्टा लागला तर बरोबर जमलंय. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सगळ्यांची चूक एकच होते : बोटांची टोकं ओढतात, मग फक्त बोटं वाकतात आणि पट्टा सैलच राहतो. माझीही दोन आठवडे हीच चूक चालली होती. फिजिओ मॅडमनी अंगठा धरून पट्ट्यावर ठेवला तेव्हा कळलं. दुपारी डबा खाऊन उठण्याआधीही हाच ताण द्या. बसून उठल्यावरची कळ सगळ्यात आधी यानंच कमी होते.

दुसरा पोटरीचा. भिंतीला हात, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं सरळ भिंतीकडे. गुडघा ताठ ठेवून 30 सेकंद, मग गुडघा थोडा वाकवून 30 सेकंद, प्रत्येकी तीनदा. पोटरीत दोन स्नायू असतात आणि वाकवल्याशिवाय आतला ताणला जात नाही. बोटं बाहेरच्या बाजूला वळली की पायाची कमान खचते आणि ताण वाया जातो.

संध्याकाळी अर्ध्या लिटरची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, नॅपकिनमध्ये गुंडाळून, खुर्चीत बसून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायची. उभं राहून फिरवू नका, भार जास्त येतो. रात्री घोटा काटकोनात धरणारा स्प्लिंट 1,150 ला घेतला. पट्टे घट्ट आवळले तर बोटं बधिर होतात, सैल ठेवले तर पाय सरकतो. पहिले चार दिवस दोन-दोन तास घातला, मग जमेल तेवढा. तीन आठवड्यांनी कपाटात गेला. कुणाला फार लागू पडतो, मला झोपच नको झाली होती.

आता रजेचं. फिजिओ मॅडम म्हणाल्या, दोन आठवडे उभं राहणं बंद. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. अट अशी की आधीच्या ठरलेल्या सहामाहीत निदान 78 दिवसांचा ईएसआय भरलेला हवा. सप्टेंबरच्या रजेसाठी ऑक्टोबर 2023 ते मार्च 2024 ची सहामाही धरली. रजेचे पहिले दोन दिवस कोरे जातात. प्रमाणपत्र ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं, खासगी चिठ्ठी तशीच्या तशी चालत नाही. ती दाखवून त्यांच्याकडून घ्यावं लागतं. पहिलं 2 सप्टेंबरला मिळालं, मधलं 9 ला, कामावर जायला योग्य असल्याचं शेवटचं 14 ला. मधलं घ्यायला आठवड्याच्या आत गेलं नाही तर खंड पडतो आणि मग खेटे. 14 दिवसांतले 12 धरून साधारण 4,700 रुपये खात्यात आले, पण पाच आठवड्यांनी. कारण बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा आयएफएससी कोड बदलला होता आणि नोंदीत जुनाच होता. अर्ज करण्याआधी तो एकदा तपासा, आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंगही.

रजा मात्र पूर्ण सत्कारणी लागली नाही. 7 ला गणपती बसले, 10 ला गौरी आल्या. घरी असलेली बाई म्हणजे ओट्यापाशी असलेली बाई. दुकानापेक्षा जास्त उभं राहणं झालं. कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळच्या पहिल्या कळेला दहापैकी आकडा लिहायची सवय लावली होती. 6 सप्टेंबरला 5 होता, 12 ला 7. ही सवय जरूर लावा. रोजचा आकडा फसवा असतो, दर रविवारी आठवड्याची सरासरी बघायची. आणि आदल्या दिवशी काय केलं ते एका शब्दात शेजारी लिहायचं : "गौरी", "जिना", "बाजार".

त्याच आकड्यांनी ओट्याचा बंदोबस्त करायला लावला. ओट्याखाली लाकडी पाट ठेवला. एक पाय पाटावर, एक जमिनीवर, दर पाच-सात मिनिटांनी बदलायचा. सतरंजी टाकून काही होत नाही, ती दाबली जाते. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात ते कोड्याच्या तुकड्यांसारखे जोडायचे 10-12 मिलिमीटरचे फोमचे मॅट दोन पुरतात. भाज्या बसूनच चिरायच्या. आणि घरात चप्पल. सासूबाईंना ते पटणं अवघड होतं. म्हणून 450 रुपयांची मऊ, धुता येणारी, उंबऱ्याबाहेर कधीच न गेलेली जोडी खोक्यातून काढून त्यांच्यासमोर धुतली. "देवघरात नको हं," एवढ्यावर मिटलं. ती रात्री पलंगाखाली ठेवायची; रात्री बाथरूमला उठतानाचं पहिलं पाऊलही पाऊलच असतं.

कामावरच्या बुटांना 2,300 लागले आणि सगळ्या खर्चात हा सगळ्यात वसूल झाला. दुकानात तीन गोष्टी हातानं बघा. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे; मधोमध वाकला तर परत ठेवा. दोन्ही टोकं धरून ओला टॉवेल पिळल्यासारखा पिळा, सहज पिळला गेला तर नको. टाचेमागची कड चिमटीत दाबा, ती चेपता कामा नये. टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच असलेली बरी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सिलिकॉनची टाचगादी 280 ला मिळते, पण जोडी घाला. एकाच पायात घातली तर कंबर बोलते. माप घेऊन बनवलेले पाच-सहा हजारांचे इनसोल आधीच घेऊ नका, तयार मिळणाऱ्यांनी बहुतेकांचं भागतं.

बेल्या गणवेशाचा भाग होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मॅनेजरना अर्ज दिला आणि काळेच बूट घेतले. स्टूल मागितलं तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, बसा, पण गिऱ्हाईक आलं की उठायचं." ठरलं. केरळमध्ये 2018 ला आणि तमिळनाडूत 2021 ला दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक झालं. आपल्याकडे मला अर्ज करावा लागला. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दसरा, म्हणजे 12 ऑक्टोबर, आकडा 4 वर. मग दिवाळीची गर्दी. स्टूल होतं, पण त्यावर साड्यांचे गठ्ठे. सलग बारा दिवस अकरा तास. 2 नोव्हेंबरला आकडा 8. सगळं मुसळ केरात असं वाटून रडू आलं होतं. फिजिओ मॅडमनी समजावलं की पट्टा फाटलेला नाही, भार त्याच्या ताकदीच्या पुढे गेलाय. आकडा बिघडला तितक्या वेळात परत खाली येईल. आठ दिवस टेप लावला (220 रुपयांचा रोल), तो चालताना कमान उचलून धरतो. टेप एक-दोन दिवसच ठेवायचा, खाज सुटली तर लगेच काढायचा.

शॉकवेव्ह घेतली ती यानंतर. 19 आणि 26 नोव्हेंबर, 3 डिसेंबर, खेपेला 1,800. जेल लावून यंत्राचं टोक दुखऱ्या जागेवर धरतात आणि ते बारीक हातोडीसारखं ठकठक करतं, साधारण दोन हजार ठोके, सात-आठ मिनिटं. दुखतं. कुठं दुखतंय ते सांगत राहायचं, टोक त्या जागेवरच असायला हवं. त्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या आणि बर्फ बंद ठेवायला सांगितलं होतं. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना ही घेत नाहीत. परिणाम दुसऱ्या दिवशी नाही, काही आठवड्यांनी दिसतो. सहा महिने साधे उपाय करूनही जमलं नाही तर हिचा विचार करावा, आधी नको. मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बहुधा मिळत नाही, तेव्हा विचारून मगच जा.

15 डिसेंबरपासून ताकदीचा व्यायाम. हा डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये मांडला. तीन महिन्यांनी नुसत्या ताण देण्यापेक्षा यानं जास्त आराम पडलेला दिसला, वर्षानंतर मात्र दोन्ही गट सारखेच. जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या कडेवर चवडा, टाच हवेत, कठड्याला हात. पायाच्या बोटांखाली नॅपकिनची घट्ट गुंडाळी, बोटं जातील तितकी वर राहतील एवढी जाड. तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. एका पायानं जमेपर्यंत दोन्ही पायांनी. दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत पाच किलो तांदूळ, दहा वेळा, चार फेरे. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ वेळा, पाच फेरे. बिघडतं ते घाईनं : झटक्यात वर-खाली केलं की पोटरी काम करते आणि पट्टा मोकळा सुटतो. गुंडाळी पातळ असेल तरी तेच. करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तर चालतं; दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला नाही, एवढं बघायचं. वाढला तर वजन उतरवा, व्यायाम बंद करू नका.

डिसेंबरअखेर सरासरी 4. संक्रांतीनंतर 3. फेब्रुवारीत बरेच दिवस 2 वरच अडकलं आणि तिथं कंटाळून सोडून द्यावंसं वाटतं. मार्चमध्ये आठवड्यातून एखाद-दुसरा शून्य दिसायला लागला. शॉकवेव्ह, तांदूळ की बूट, कशानं किती काम केलं हे वेगळं काढता येत नाही. एकूण खर्च 15,980. त्यात तेल आणि ॲक्युप्रेशर चपलेचे 1,030 धरले आहेत, एका फेरतपासणीचे 300 पण.

आता जिन्यावरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, सकाळचा ताण रोज. ज्या दिवशी दुकानात माल उतरतो त्या रात्री तळव्याखाली गोठवलेली बाटली. आकडा सलग तीन दिवस 3 च्या वर गेला तर आठवडाभर बाजार-जिने कमी, टेप, आणि घरातही बूट.